रांगेच्या शेवटी: सातवीच्या पोरांसोबत मेळघाटातले चार दिवस

परत येऊन दहा दिवस झाले तरी माझ्या सॅकच्या तळातून अजून सागाच्या पानाचा चुरा निघतोय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शाळेची सहल घेऊन चिखलदरा आणि सेमाडोहला गेलो होतो, सातवीची २८ पोरं आणि आम्ही तीन शिक्षक. माझ्यासाठी ही नुसती सहल नव्हती, कारण मी शिक्षक झाले ते याच जंगलामुळे. हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं, म्हणून सहलीच्या निमित्ताने तेही लिहून टाकते.

दिवस पहिला: परतवाडा, घाट, गाविलगड

आमची शाळा चांदूर बाजार तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. मी सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते, आणि माणसं कमी म्हणून इतिहासही माझ्याकडेच आहे. सकाळी साडेसहाला एसटी शाळेसमोर लागली तेव्हा इतकं धुकं होतं की पोरं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. एका पोराच्या आजोबांनी आंबिया बहाराची संत्र्यांची बोरी गाडीत टाकली, म्हणाले शेवटची तोडणी हाय, रस्त्यानं खा. परतवाड्याला पोहोचेपर्यंत अर्धी बोरी संपली आणि सगळ्या गाडीत संत्र्याच्या सालीचा वास.

(शाळेची सहल नेणाऱ्यांसाठी: एसटीला शैक्षणिक सहलीची सवलत मिळते, पण वरच्या ऑफिसची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं निदान महिनाभर आधी तयार ठेवा. मुली असतील तर सोबत बाई शिक्षक हव्याच.)

परतवाड्यापासून घाट लागला तसं पोरांचं गाणं बंद झालं. यातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी डोंगर म्हणून जो पाहिला तो शेताच्या बांधावरून, लांबून, निळा. ड्रायव्हर दादा म्हणाले, "मॅडम, पोरायले खिडकीतून हात काढू देऊ नका, घाट हाय," आणि खरंच पुढची वीस मिनिटं एक हात बाहेर नाही. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे, वर पोचलो की थंडी एकदम कानाला लागते. दुपारचे बारा वाजले होते तरी पोरं स्वेटर काढायला तयार नव्हती.

जेवून सरळ गाविलगडावर गेलो. मी पुस्तकातला धडा सोबत घेतलाच नव्हता. किल्ल्यावर पोरांना एवढंच सांगितलं की १८०३ साली १५ डिसेंबरला इंग्रजांनी हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, आर्थर वेलस्ली त्यांचा सेनापती होता, तोच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि किल्ल्याचा किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. मग विचारलं, तोफा वर कुठून आणल्या असतील, हिंडून बघा आणि अर्ध्या तासाने सांगा. पोरं तटावरून वाकून वाकून पाहत फिरली (दोन शिक्षक कड्याच्या बाजूला उभे, हे आधीच ठरवलेलं). एकीने सांगितलं दोरीनं ओढल्या असतील. दुसऱ्याने सांगितलं हत्तीवरून. एक पोरगा, जो वर्गात प्रश्न विचारला की नेहमी बाकाखाली पेन शोधतो, तो म्हणाला, "मॅडम, तीन बाजूनं त कडाच हाय. पठाराच्या अंगानंच आणल्या असतीन, पण मंग तितपावतो जायले लय फिरून या लागलं असन." तसंच झालं होतं. वेलस्लीच्या सोबतचा कर्नल स्टीव्हनसन, त्याची तुकडी तोफा घेऊन डोंगरातून लांबचा वळसा घालून उत्तरेकडे आली आणि तिकडूनच तटाला भगदाड पाडलं. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि नागपूरहून पाहिलं तर वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. वर्धा नदीच्या पलीकडचा म्हणजे आपलाच, असं सांगितल्यावर सगळे गप्प झाले. मग एकाने विचारलं, "म्हणजे आपलं गाव बी?" हो, आपलं गाव बी.

दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांच्या पक्ष्याचं, गंडभेरुंडाचं शिल्प आहे. त्यासमोर पोरं वह्या काढून बसली ती उठेचनात.

संध्याकाळी रबडी खाल्ली. चिखलदऱ्याला गेलात तर रबडी आणि खवा सोडू नका, इथे गवळ्यांची जुनी वस्ती आहे आणि दूध जंगलात चरलेल्या जनावरांचं. मोथा गावाजवळ स्ट्रॉबेरीच्या डब्या विकायला होत्या, विदर्भात स्ट्रॉबेरी म्हटल्यावर पोरांना आधी खोटंच वाटलं. कॉफीची झाडंही दाखवली.

दिवस दुसरा: सेमाडोह, बुकिंगचा घोळ आणि मिरग

सकाळी पंचबोल पॉइंटला गेलो. तिथे ओरडलं की आवाज दरीतून फिरून फिरून परत येतो. पोरांनी आधी स्वतःची नावं ओरडली, नंतर शाळेतल्या सगळ्या शिक्षकांची.

तिथून उतरून सेमाडोहच्या रस्त्याला लागलो आणि जंगल एकदम दाट झालं. हा रस्ता मला पाठ आहे. बी.एस्सी.ला अमरावतीला होते तेव्हा एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर केलं, तिथे एक सीनियर दादा भेटला, तो म्हणाला की सुट्टीत लहान पोरांची निसर्ग शिबिरं असतात, मदतीला माणसं लागतात, येतेस का. मी तोवर जंगल पाहिलंही नव्हतं. पहिल्या शिबिरात मला झाड ओळखता येईना, पक्षी ओळखता येईना, तर दादाने मला रांगेच्या शेवटी उभं केलं आणि सांगितलं, "तू शेपूट. तुझ्यामागं एकबी पोरगं राह्यलं नाही पाह्यजे, बाकी काई नाही आलं तरी चालते." सहा वर्षं मी सुट्ट्यांमध्ये शिबिरं केली. पुढे पक्षीही कळायला लागले, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं मोजायलाही गेले, पण रांगेची शेवटची जागा मी मागून घ्यायचे. कारण पुढच्या माणसाला फक्त रस्ता दिसतो. शेवटी चालणाऱ्याला प्रत्येक पोराची पाठ दिसते, कोणाची चप्पल तुटली, कोण घरच्या आठवणीने हळू झालं, कोणाला मुंगळ्यांची रांग सापडली म्हणून ते थांबलं.

घरी आई म्हणायची जंगलात फिरून पोट भरते का. बरोबरच होतं तिचं. पण एका शिबिराच्या शेवटच्या दिवशी एका सातवीतल्या पोरीने विचारलं की ताई तू आमच्या शाळेत का नाही येत, आणि मी त्या वर्षी बी.एड.चा फॉर्म भरला. मग टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर दोन, सहावी ते आठवीचा. मग २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी, २०० मार्कांची, आणि त्यानंतर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघत बसणं. नेमणूक हातात पडायला २०१९ उजाडलं. पुढची तीन वर्षं शिक्षण सेवक, महिना ६००० रुपये. हे सगळं मी एवढ्याचसाठी लिहितेय की शिबिरात काम करणारी बरीच पोरंपोरी मला विचारतात, यातून नोकरी लागते का. नोकरी परीक्षेनेच लागते, शिबिराचे मार्क कुठेच धरत नाहीत. पण पहिल्या दिवशी वर्गात गेल्यावर हातापायांना घाम आला नाही तो शिबिरामुळे.

तर बुकिंग. आम्ही दोन महिने आधी एका ठिकाणी राहायचं ठरवून पैसे भरले होते, तिथे पोचलो तर आमच्या खोल्या दुसऱ्याच ग्रुपला दिलेल्या. दुपारचे तीन, २८ पोरं, आणि समोरचा माणूस म्हणतोय उद्या या. भांडण्यात अर्धा तास गेला. शेवटी जवळच्या एका गावातल्या शाळेच्या गुरुजींना फोन लागला (तोही रस्त्यावर एका ठराविक वळणावरच रेंज येते म्हणून), ते म्हणाले, "या मॅडम, दोन खोल्या हायेत, सतरंज्या हायेत, जेवणाचं पाहू." त्या माणसाने आम्हाला आधी कधी पाहिलंही नव्हतं.

(टीप: या भागात मोबाइलवर आणि ऑनलाइन पैशांवर अवलंबून राहू नका, रोख जवळ ठेवा. बुकिंगची पावती छापून न्या आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारा. आम्ही केला नाही, ते चुकलं.)

ते गाव कोरकू आदिवासींचं. मधे एक सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, अंगणं इतकी स्वच्छ की पोरांनी संत्र्याची सालं खिशात ठेवली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकूंनी आणि त्यांच्या सासूने आमचा सैपाक केला. कुटकीचा भात, तुरीच्या दाण्यांची आमटी, ज्वारीच्या भाकरी, आणि पाट्यावर वाटलेला ठेचा. कुटकी, म्हणजे एक भरडधान्य, आमच्या पोरांनी पहिल्यांदाच खाल्ली, बारीक, मऊ, थोडी मातकट चव. एका पोराने तीनदा घेतला आणि काकूंना म्हणाला, "काकू, आमच्या घरी बी सांगा नं कसा करते ते."

रात्री शेकोटी. चिखलदऱ्याएवढी थंडी नव्हती, पण पाठ गार आणि तोंड भाजतंय अशी. समोरच्या टेकडीवर कुल्लूची पांढरी, पान नसलेली झाडं चांदण्यात उभी होती, पोरं त्यांच्याकडे पाठ करून बसायलाच तयार नव्हती. पूर्वेला मृग वर आला होता. मी नुसतं बोट दाखवलं, ते तीन तारे एका ओळीत म्हणजे बाण, चार कोपऱ्यांचे चार म्हणजे हरणाचे पाय, खाली तो लखलखीत व्याध. तर एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मिरग त जूनमंदी लागते नं? बाबा मिरगाची पेरणी म्हणते. मंग आता हिवाळ्यात कसा दिसून राह्यला?"

इतका सुंदर प्रश्न मला वर्गात सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. आणि याचं उत्तर मला त्या शिबिरातल्या दादाने जसं दिलं होतं तसंच मी दिलं, म्हणजे दिलंच नाही, सगळ्यांना उभं केलं. शेकोटी म्हणजे सूर्य. लाल शाल पांघरलेल्या एका पोरीला लांब, मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला, बोरीच्या झाडाखाली उभं केलं, ती मिरग. बाकीचे पृथ्वी, शेकोटीभोवती गोल फिरायचं. आधी तिच्या बाजूला थांबवलं. शेकोटीकडे पाठ करा, म्हणजे रात्र. काय दिसते? "मिरग!" आता फिरत फिरत पलीकडे जा, शेकोटी मधे येऊ द्या. आता मिरगाकडे पाहा. डोळ्यांवर जाळ, त्यामागे काळोख, शाल दिसेना. "दिसत नाही मॅडम, इस्तू आडवा येऊन राह्यला." आणि मग ज्याने प्रश्न विचारला होता तोच ओरडला, "अबे! म्हणजे जूनमंदी मिरग सूर्याच्या मांगं असते! दिवसा असते म्हणून दिसत नाही!"

तो आनंदाने दोन चकरा एकटाच पळाला. मिरग झालेली पोरगी लांबून विचारत होती की मी येऊ का आता, लय थंडी वाजून राह्यली.

दिवस तिसरा: पायवाट, पिंगळा आणि आजीचा राग

सकाळी साडेसहाला वनरक्षक दादांसोबत ठरलेल्या पायवाटेवर निघालो. (व्याघ्र प्रकल्पात आपल्या मनाने कुठेही पायी हिंडता येत नाही, आधी परवानगी आणि सोबत त्यांचा माणूस हवाच. भडक कपडे नकोत, अत्तर नको, आणि पोरांच्या खिशातले कुरकुऱ्यांचे पुडे निघायच्या आधी काढून घ्या.) मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, पण मी पोरांना आधीच सांगितलं होतं की वाघ दिसणार नाही, वाघ आपल्याला पाहील. दादा पुढे, मी शेवटी. वाटेत सिपना नदी, दगडांतून वाहणारी, पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे मोजता येतील. ओल्या वाळूत सांबराचे खूर आणि एका ठिकाणी अस्वलाने उकरलेलं वारूळ. सागाच्या रोपट्याचं शेंड्याचं कोवळं पान चोळून पोरांचे हात लाल झाले, मग सगळ्यांनी एकमेकांच्या गालांना लावून घेतलं.

माझ्या पुढे दोन जण होते. एक आमचा गोलमटोल पोरगा, दम लागतो म्हणून मागे राहणारा. आणि एक मुलगी, कोरकू घरातली. तिचे आईवडील आमच्या गावात संत्र्याच्या बागेत राखणीला असतात, मूळचे याच भागातले. ती वर्गात फारसं बोलत नाही. तो पोरगा दम खायला थांबला आणि वर बघत हळूच म्हणाला, "मॅडम, ते झाड माह्याकडं पाहून राह्यलं."

सागाच्या वठलेल्या फांदीवर घुबड बसलं होतं, भर उजेडात, मुठीएवढं. पिवळे डोळे आमच्यावर रोखलेले. मी वनरक्षक दादांना खूण केली, ते मागे आले, दुर्बीण लावली, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रानपिंगळा हाय मॅडम. डोक्यावर पाहा, ठिपके नाहीत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असते." १८८४ नंतर हा पक्षी जगात कुणालाच सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि तब्बल ११३ वर्षांनी १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा दिसला, मग मेळघाटातही. सहा वर्षं या जंगलात येऊन मला तो एकदाही नीट दिसला नव्हता. पुढे गेलेल्या सव्वीस पोरांना परत बोलावलं, एकेकाने दुर्बिणीतून पाहिलं, आणि तो गोलमटोल पोरगा झाडाखाली उभा राहून प्रत्येकाला बजावत होता, "आवाज करू नका बे, माह्या घुबडाले."

दुपारी गावात परत आलो. आजी, म्हणजे काकूंच्या सासूबाई, अंगणात तूर सोलत बसल्या होत्या. त्यांना कळलं की ही मुलगी कोरकू आहे, तर जवळ बसवून घेतली आणि कोरकूत विचारायला लागल्या. मला वाटलं आता पोरगी खुलेल. ती बोलत होती, पण तीन शब्द कोरकू आणि मग वऱ्हाडी. पाण्याला डा म्हणाली, वाघाला कुला म्हणाली. सकाळी काय पाहिलं विचारल्यावर वारूळ दाखवायला हात केला आणि म्हणाली, "अस्वल." आजींनी हातातली शेंग खाली ठेवली. "बाना," त्या म्हणाल्या. "बाना म्हण." तिने म्हटलं. मग आजी माझ्याकडे वळल्या, हिंदी-मराठी मिसळून, आवाज न चढवता म्हणाल्या की तुमच्या शाळेनं पोरीची बोली खाल्ली बाई.

मला काही बोलताच आलं नाही. मी त्या पोरीला दीड वर्ष शिकवतेय, तिचं मराठी सुधारलं म्हणून तिच्या आईला शाबासकीही दिली होती, आणि तिच्याजवळ आधीपासून काय होतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. रांगेच्या शेवटी चालते म्हणजे मला सगळ्यांचं दिसतं असं मी समजत होते.

मी आजींजवळ बसले आणि वही काढली. सिपना म्हणजे साग, हे आजींनीच सांगितलं. पोरंही गोळा झाली. मी त्यांना सांगितलं की कोरकू ही मराठीची बहीण नाही, हिंदीचीही नाही, गोंडीचीही नाही. तिची नाती तिकडे झारखंड-ओडिशात, संथाली आणि मुंडारीशी, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची बोली म्हणजे ही. संथालीतही वाघाला कुल म्हणतात. पोरांना नकाशावर अंतर दाखवलं तर एकजण म्हणाला, "इतक्या दूर? पायीच गेले असतीन का?" आजींना हे नवीन होतं, त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

दिवस चौथा: बहिरम आणि घर

निघताना गुरुजी खोल्यांचे पैसे घेईनात, मग पोरांनी उरलेली संत्री आणि रंगपेट्या त्यांच्या शाळेला दिल्या.

परतताना बहिरमला थांबलो, यात्रा नुकतीच भरली होती. ही यात्रा २० डिसेंबरला सुरू होते आणि पुढे महिनाभर तरी चालते, आमच्याकडे हिवाळा म्हणजे बहिरमच. राहुट्या, गोवऱ्यांचा धूर, मातीच्या हंड्यांत रटरटणारं मटण. आम्ही रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली. रोडग्याचं वरचं करकरीत कवच फोडून आत तूप ओतायचं, मग भाजीत कुस्करायचं, हात भाजला तरी थांबायचं नाही. (पोरं सोबत असतील तर रविवार टाळा, गर्दीत मोजणी करून जीव जातो. आम्ही जोड्या लावल्या होत्या, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून बसायचं.) गाडीत चढताना मी दाराशी उभी राहून मोजलं, २८. शेवटची चढली ती कोरकू मुलगीच, आणि चढता चढता मला म्हणाली, "ताई, आजीनं तुमाले पुन्हा बोलावलं हाय." मग लगेच "मॅडम" म्हणून दुरुस्त केलं.

सोमवारी वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला, तीन रकान्यांचा, मराठी, वऱ्हाडी, कोरकू. पहिल्याच दिवशी पोरांनी वऱ्हाडीचा रकाना भरून टाकला आणि भांडणंही केली. कोरकूच्या रकान्यात आतापर्यंत १९ शब्द झालेत, ती घरी आईला विचारून एकेक आणते. त्यातले सात शब्द तिला आणि तिच्या आईला दोघींनाही नक्की आठवत नाहीत, त्यांच्यापुढे तिने पेन्सिलने गोल केलेत. बुकिंगचे पैसे अजून परत आलेले नाहीत. उन्हाळी सुट्टी लागली की तो कागद गुंडाळून सेमाडोहला जायचंय, आजींकडून ते सात तपासून घ्यायला.